लंगोटावरची लोकर
अगं लेकी, ये हिकडं, बस जवळ. बाळाची लोकरीची चड्डी कुणी गरम पाण्यात घालतं व्हय? ओल्या लोकरीच्या वासानं मला वडगावचं अंगण आठवलं. तू तवा लहान होतीस. तुझ्या वहिनीच्या पहिल्या लेकरासाठी मी कोकराची पहिली लोकर कातून अशीच चड्डी विणली होती. आतला लंगोट ओला झाला की बदलायचा आन् वरची लोकर धुवायची न्हाई, नुसती सावलीत वाळत टाकायची. लेकराचा दुधाळ वास तिच्यात राहायचा. पाच महिन्यांचं लेकरू तापानं गेलं. सुतक फिटायच्या दिवशी तुझ्या काकीनं घरातले सगळे कपडे उकळायला घातले. वहिनी धावत आली. "काकी, ती चड्डी न्हाई ना घातली?" "घातली की. सगळंच धुवावं लागतं, पोरी." "अवो, लोकरीला सुतक नसतं!" तिनं उकळत्या पाण्यात हात घालून चड्डी काढली, नाकाशी धरली. नुसता साबणाचा वास, आन् आटून मुठीएवढी झालेली. दिवस मावळेपर्यंत ती चड्डी ताणत बसली, पहिल्याएवढी व्हावी म्हणून. अजून माझ्या ट्रंकेत हाय ती. उद्या सासरी निघशील, पण बाळाला घेऊन लवकर ये गं, आन् त्याची चड्डी न धुता आण.