भुयारातली हवा आणि वॉरंटीचं कलम

दिल्लीत येऊन मला तेरा वर्षं झाली आणि त्यातली सहा मी हवा स्वच्छ करण्यात घालवली. हवेवर त्याचा काही परिणाम झालेला नाही. माझ्या पगारावर झाला, हे मात्र कबूल करायला हवं.

मी मूळची पुण्याची, मेकॅनिकल इंजिनियर. नवरा केंद्र सरकारात, म्हणून राहायला आर. के. पुरमचं क्वार्टर, आणि नोकरी गुरुग्रामला, हवा शुद्ध करणारी यंत्रं बनवणाऱ्या एका खासगी कंपनीत. आधी आम्ही फक्त ऑफिसं आणि शाळांसाठी यंत्रं बनवायचो. हिवाळा लागून आकाश राखाडी झालं की आमच्या मालकांचा चेहरा उजळायचा. एका वर्षी दिवाळीनंतर अख्खं शहर खोकत असताना आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले, कारण ऑर्डरी दुप्पट झाल्या होत्या. मीही एक पेढा खाल्ला. चांगला होता.

मालक माझ्याहून वयाने लहान, परदेशात शिकून आलेले, बोलायला गोड. एका सोमवारी मीटिंगमध्ये ते म्हणाले, "अब हम अंडरग्राउंड जाएँगे." क्षणभर मला वाटलं, कर चुकवल्याचं काहीतरी प्रकरण निघालं. पण त्यांच्या डोक्यात जमिनीखालची मेट्रो स्टेशनं होती. तिथली हवा साफ करणारी यंत्रं बसवायची आणि पुढे सगळ्या देशातली भुयारं आपलीच. यंत्राचं नाव त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्या नावात 'फुप्फुस' होतं, 'जंगल' होतं आणि 'स्मार्ट'ही होतं. यंत्र तेवढं अजून व्हायचं होतं.

ते मी आणि माझ्या टीमने केलं. लोखंडी कपाटाएवढा डबा, आत पंखा, धूळ धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, आणि समोर टीव्हीएवढा मोठा पडदा. त्या पडद्यावर हवेतल्या धुळीचा आकडा दिसायचा. हिरवा म्हणजे चांगला, लाल म्हणजे वाईट. आकडा मोजणारा सेन्सर कुठे बसवायचा यावरून माझा आणि मालकांचा पहिला वाद झाला. शुद्ध झालेली हवा ज्या जाळीतून बाहेर पडते त्या जाळीतच तो बसवा, असं त्यांचं म्हणणं.

"सर, लोग वहाँ खड़े नहीं होते," मी म्हटलं. "दूर खड़े होते हैं. सेंसर दूर चाहिए."

"लोग पास आ जाएँगे," ते म्हणाले.

सेन्सर जाळीत बसला.

एका भुयारी स्टेशनवर तीन महिन्यांची चाचणी मंजूर झाली. फलाटावर तीन यंत्रं ठेवायची, रोज मोजायचं आणि शेवटी अहवाल द्यायचा. तो तपासायला एक समिती नेमली होती आणि तिचे प्रमुख निघाले मराठी. निवृत्तीला टेकलेले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे अधिकारी. उद्घाटनाला तेच प्रमुख पाहुणे होते. झेंडूच्या माळा आल्या, नारळ आला, आणि आमच्या सेल्सच्या लोकांनी भक्तिभावाने अगरबत्तीचा अख्खा जुडगा यंत्रापुढे, अगदी जाळीखाली, पेटवून ठेवला. पडद्यावरचा हिरवा आकडा बघता बघता पिवळा झाला आणि सगळ्यांच्या देखत लालबुंद झाला. फीत कापायला कात्री हातात घेतलेले साहेब तसेच थांबले.

"सर, सेंसिटिविटी देखिए," आमचे मालक म्हणाले. "धुआँ आया और मशीन ने पकड़ लिया."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. मग फीत कापली गेली आणि टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझं खरं काम सुरू झालं. रोज दुपारी, गर्दी कमी असताना, मी हातातलं मोजण्याचं यंत्र घेऊन फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची. आठवडाभरात चित्र स्पष्ट झालं. डब्याला खेटून उभं राहिलं तर हवा खरोखर चांगली होती. एक पाऊल मागे सरकलं की जरा कमी चांगली. चार पावलांवर ती आधी होती तशीच होती. एवढ्या मोठ्या फलाटावर आम्ही तीन माणसांना श्वास घेता येईल अशी सोय केली होती, तीही त्यांनी डब्याला मिठी मारली तर.

फलाटाच्या पार टोकाला, जिथे भुयाराचं तोंड सुरू होतं, तिथे एक सफाईवाल्या बाई मला रोज भेटायच्या. पन्नाशीच्या असतील. ठेक्यावर काम करायच्या. मी त्यांना दीदी म्हणायची, त्या मला मॅडम. त्या लांब सुक्या पोछ्याने धूळ पुढे ढकलत न्यायच्या, आणि गाडी आली की भुयारातून वाऱ्याचा लोट येऊन ती सगळी धूळ परत मागे आणून टाकायचा. मग त्या न चिडता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

"आप क्या नापती हैं रोज़?" एकदा त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, हवेत धूळ किती आहे ते.

"वो तो मैं बिना मशीन के बता दूँ," त्या म्हणाल्या आणि नाकावर बांधलेली ओढणी सोडून तिची आतली बाजू मला दाखवली. नाकापाशी दोन काळपट तपकिरी डाग होते. "सुबह धोकर आई थी."

त्यांच्या पोछ्यावरची चिमूटभर धूळ मी कागदाच्या पुडीत बांधून घरी आणली. का आणली तेही नीट माहीत नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुडी उघडली तेव्हा माझी नववीतली मुलगी डोकावली. तिने फ्रिजवरचं चुंबक काढून सहज पुडीवर धरलं. जवळजवळ सगळी धूळ उठली आणि चुंबकाला काटेरी होऊन चिकटली.

"आई, ये तो लोहा है," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून मराठीत आली. "म्हणजे ते, आयर्न. लोग ये साँस में लेते हैं?"

हे मी वाचलेलं होतंच. गाडीची चाकं रुळावर घासतात, ब्रेक घासतात, त्याची पूड होते. ती भुयाराच्या भिंतींवर आणि केबलच्या कप्प्यांवर बसते, आणि प्रत्येक गाडी ती नव्याने उडवते. पण वाचणं वेगळं आणि स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी बघणं वेगळं. उपायही त्यात स्पष्ट होता. हवेच्या मागे डबे घेऊन पळण्यापेक्षा भिंतींवर बसलेली पूड उचलायची. गाड्या बंद असताना भुयार मोठ्या व्हॅक्यूमने साफ करायचं, फलाट ओल्या पोछ्याने पुसायचा. यात नवीन काही नव्हतं. घर झाडायच्या आधी जाळी-जळमटं काढतात, एवढंच.

मी अहवालात हे सगळं लिहिलं. चार पावलांचं प्रकरणही लिहिलं. मालकांनी तो वाचला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या केबिनमध्ये आमची स्वतःचीच दोन यंत्रं कायम चालू असतात.

"बहुत ऑनेस्ट रिपोर्ट है," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी ही तक्रार होती. "बस थोड़ा पॉज़िटिव कर दो. चार कदम मत लिखो. लिखो, 'मशीन के प्रभाव-क्षेत्र में उल्लेखनीय सुधार'."

"लेकिन सर, प्रभाव-क्षेत्र मतलब चार कदम ही ना?"

"एग्ज़ैक्टली. झूठ थोड़ी है."

मी सही केली. इथे मला स्वतःबद्दल काही बरं सांगता आलं असतं तर आवडलं असतं. पण मुलीच्या शाळेची बस, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता आणि पुढच्या महिन्यात येऊ घातलेलं प्रमोशन यांचा विचार मी लिफ्टमध्ये केला, आणि लिफ्ट खाली पोहोचायच्या आत सही योग्य वाटू लागली. घरी आल्यावर ओट्यावरची पुडी उचलून फेकून दिली.

शेवटच्या मंजुरीआधी मालकांना नवी कल्पना सुचली. "समिती के हेड मराठी हैं, आप भी मराठी हैं. लंच करते हैं." मग कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात साहेबांसोबत जेवण ठरलं. थाळीत आमटी होती, भरली वांगी होती, पोळ्या होत्या. मालकांनी वांग्याचं फार कौतुक केलं आणि यंत्राचं त्याहून जास्त. साहेब मान डोलवत जेवत होते. मग त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता, अगदी जेवणाबद्दल बोलावं तशा आवाजात, मराठीत विचारलं.

"तुम्ही पुण्याच्या ना? मग खरं सांगा. हे चालतं का?"

मालक हसतमुखाने माझ्याकडे बघत होते. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. मीही हसून म्हणाले, "चार पावलांपर्यंत चालतं, साहेब. त्यापुढे काही नाही."

"बिल्कुल, बिल्कुल," मालक म्हणाले.

"आणि अहवाल?"

"अहवालात पावलं काढून टाकली आहेत."

"काय करायला हवं मग?"

मी भिंतींवरची पूड सांगितली, व्हॅक्यूम सांगितला, ओला पोछा सांगितला. दीदींची ओढणीही सांगितली. पाच मिनिटं मी बोलत होते. मालक प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, कारण माझ्या बोलण्यात 'फिल्टर' आणि 'व्हॅक्यूम' हे शब्द त्यांना ओळखीचे वाटत होते. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर इतकं खरं कधीच बोलले नव्हते.

साहेबांनी पोळीचा तुकडा मोडला. "मला अंदाज होताच," ते म्हणाले. "पण अहो, धुतलेलं भुयार कोणाला दिसतं? तिथे फीत कुठे बांधणार? डबा दिसतो. वर विचारतात, हवेसाठी काय केलं, तर डब्याचा फोटो पाठवता येतो. भिंतीचा काय पाठवू?"

मग ते हिंदीत मालकांना म्हणाले, "मॅडम ने सब अच्छे से समझाया." आठवड्याभरात मंजुरी आली. आणखी काही स्टेशनांवर डबे लागणार होते. ऑफिसात केक कापला गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदाच खरोखर राग आला, आणि तो मालकांपेक्षा त्या मराठी साहेबांचा जास्त. मालक निदान स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलत होते. साहेब सगळं समजून, आमटी पिऊन, शांतपणे सही करून मोकळे झाले होते. नंतर लक्षात आलं की मीही तेच केलं होतं.

करारासोबत यंत्राची देखभाल-पुस्तिका जोडायची होती. ती लिहिण्याचं काम कोणालाच नको असतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. चाळीस पानांचं ते कंटाळवाणं पुस्तक लिहिताना वॉरंटीच्या प्रकरणाशी माझी बोटं थांबली. वॉरंटी कशाने रद्द होते, याची यादी करायची असते. पाण्यात बुडाल्यास, विजेचा दाब बदलल्यास, अनधिकृत माणसाने उघडल्यास. त्याखाली मी आणखी दोन कलमं टाकली. यंत्राच्या पट्ट्यांवर लोखंडी पुडीचा भार येऊ नये म्हणून स्टेशनच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत भुयाराच्या भिंती आणि केबलचे कप्पे दर पंधरवड्याला व्हॅक्यूमने साफ केलेले असावेत, आणि फलाटावर सुका पोछा वापरू नये. ओला वापरावा व सफाई कर्मचाऱ्यांना चांगले मास्क द्यावेत. अन्यथा वॉरंटी लागू राहणार नाही.

मालकांनी पुस्तिकेचं मुखपृष्ठ पाहिलं आणि लोगो जरा मोठा करायला सांगितला. सेल्सने ती छापली. वकिलांनी शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी मला ऑफिसात फोन आला. साहेबच होते.

"पुस्तिका तुम्ही लिहिली का?"

"हो."

"वॉरंटीचं कलम वाचलं मी. आमच्याकडे एकेकाला घाम फुटलाय. एवढ्या महागाच्या वस्तूची वॉरंटी गेली तर ऑडिटवाले सोडायचे नाहीत." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मालकांना हे कलम माहीत आहे का?"

"मला नाही वाटत."

"मग सांगू नका. आणि पुढच्या छपाईत बदलू नका."

फोन ठेवल्यावर मी पुस्तिकेची फाइल खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. त्यांच्याबद्दलचा राग पूर्ण गेला असं नाही, पण तो कुठे ठेवावा हे कळेनासं झालं.

माणसांच्या छातीसाठी जे कधी झालं नसतं, ते डब्याच्या वॉरंटीसाठी महिन्याभरात सुरू झालं. भुयारं साफ करायला टोळी नेमली गेली, व्हॅक्यूमची गाडी आली, पुसायला ओले पोछे आले. कागदोपत्री कारण एकच, 'उपकरणाचे संरक्षण'. पावसाळ्यानंतर मी पुन्हा आठवडाभर मोजायला गेले. टोकाला, डब्यापासून सगळ्यात लांब, आकडा खाली आला होता. फार नाही, पण रोज थोडा, आणि सगळ्या फलाटावर सारखा. मालकांनी तो आलेख बघितला आणि सगळ्यांना मेल केला: आमचं यंत्र आता पूर्ण स्टेशनवर काम करतं. त्यांनी मला टीमसमोर पुढे बोलावून काचेचं एक मानचिन्ह दिलं. त्यावर झाडाचं पान कोरलेलं होतं. मी आभार मानले.

दीदींना मी मास्कबद्दल विचारलं. "अच्छा है, गर्मी लगती है," त्या म्हणाल्या. मग डब्याकडे बोट दाखवून वैतागल्या. रोज दोनदा तो पुसायचं काम आता त्यांच्याच अंगावर आलं होतं, शाळेच्या पोरांच्या बोटांचे ठसे पडद्यावर राहतात म्हणून. "ये चीज़ करती क्या है, मॅडम?"

मी म्हटलं, "कुछ नहीं, दीदी. पर इसे यहाँ से हटने मत देना."