ड्रिल मास्तरांचा पाच बोटांचा वर्ग

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की ही पृथ्वी आपल्या आसावर थोडी कललेली आहे, ती केवळ आमच्या वडगावच्या ड्रिल मास्तरांची तिच्यावर नजर पडली नाही म्हणून. शाळेतून निवृत्त झाल्यावरही मास्तरांना वाकलेला मणका सहन होत नसे. पोस्टमनला ते आधी छाती पुढे काढायला लावत, मग पत्र घेत. माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आत त्यांनी नवरीला खांदे मागे घ्यायला सांगितलं. फोटोत आमची ही अजून हवालदारासारखी दिसते, आणि हे तिला सांगण्याची माझी हिंमत नाही.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मास्तरांचे शेजारी आणि जन्माचे भांडखोर मित्र आप्पा, हातमागावरचे विणकर, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बेळगावच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हातपाय रोज हलवा, त्यांच्याशी बोलत राहा. ते करून घेणारं माणूस कुठून आणायचं, हे काही कुणी सांगितलं नाही. गल्ली तर आप्पांसमोरच त्यांच्याविषयी कुजबुजू लागली, जणू ते तिथे नाहीतच. आप्पांची बायको, आमच्या आक्का, मला म्हणाल्या, "चालले न्हाईत तरी चालंल. नुसतं 'अगं' म्हटले तरी लई झालं."

दुसऱ्याच दिवशी मास्तर शिटी घेऊन हजर. आप्पांच्या उजव्या हाताची पाच बोटं हा त्यांचा नवा वर्ग. अंगठा मॉनिटर. रोज हजेरी घेत एकेक बोट उघडायचं, मिटायचं. करंगळी कायम गैरहजर, म्हणून पालक या नात्याने आप्पांची खरडपट्टी निघे. पाण्याचा तांब्या मास्तर मुद्दाम उजवीकडे ठेवायला लावत, म्हणजे मान तरी वळेल. निपाणीहून आलेल्या आप्पांच्या मेहुण्याने लकव्यावर रक्त चोळायला कबुतर आणलं, तेव्हा मास्तरांनी मेहुण्याला 'सावधान' दिलं आणि कबुतराला 'विश्राम'. दोघेही निघून गेले.

महिने गेले. करंगळी शाळेत येऊ लागली, आप्पा धरून उभे राहू लागले. वाचा मात्र येईना. पूर्वी आप्पा मास्तरांना एक वाक्य धड पुरं करू देत नसत. आता सगळी वाक्यं पुरी होत, आणि तेच मास्तरांना सोसेना. एकदा बाहेर येऊन शिटी पुसत मला म्हणाले, "मधे कोणी तोडतच न्हाय रं. बोलायची चवच गेली."

आज दोघेही नाहीत. त्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट इतका, की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. तरी तिथून जाताना माझी चाल मंदावते आणि ती एक सकाळ आठवते.

आप्पांचा पाय मागाच्या पावडीवर, म्हणजे मागाखालच्या खड्ड्यातल्या पायपट्टीवर, ठेवून बघायचा बेत होता. विणकराचा माग म्हणजे घरातला देव, त्या खोलीत चप्पलसुद्धा जात नाही. मास्तर मात्र उत्साहाच्या भरात, पाय कसा दाबायचा ते दाखवायला, कॅनव्हासच्या बुटांसकट थेट खड्ड्यात उतरले. आक्का दारातच थिजल्या. आप्पांची मान थरथरली, ओठ वाकडे झाले, आणि गेलं वर्षभर अडकून पडलेलं सगळं एकदम बाहेर आलं:

"बूट... बूट काढ, मुडद्या. अगं, सांग की ह्येला!"