वेताच्या खुर्चीवर बसलेला नट

माघात माझे यजमान वारले. त्यानंतर त्यांच्या वेताच्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलं नाही.

आमच्या जयनगरच्या गल्लीत दर वर्षी छोटा नाट्यमहोत्सव होतो. नाटकं रस्त्यावरच होतात. सामान घराघरांतून मागून नेतात, आणि ज्या नटानं नेलं त्यानंच ते परत आणून द्यायचं असतं. यंदा माझ्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या इतर नटांनी नेल्या. बेळगावकडच्या एकाला मात्र वेताचीच हवी होती. मी नको म्हणणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, “अक्का, हिच्यावर बसणारे कसे बसायचे?”

मी सांगितलं, एक पाय वर घेऊन, गुडघ्यावर चष्मा अडकवून.

संध्याकाळी नाटकात तो तसाच बसला. इडलीच्या गाडीवाला यजमानांना ‘सार’, म्हणजे सर, म्हणायचा. तो मोठ्यानं म्हणाला, “अरे, हे तर आपले सार!” सगळी गल्ली हसली. मीही हसले, आणि मग पुढचं नाटक मला दिसेना.

नाटक संपल्यावर तो खुर्ची डोक्यावर घेऊन आला. चपला बाहेर काढून त्यानं ती खिडकीपाशी, होती तिथेच ठेवली.

“अक्का, स्वल्प पाणी मिळेल?”

मी पाणी दिलं आणि म्हणाले, “बसा.”

“हिच्यावर?”

“बाकीच्या अजून रस्त्यातच आहेत.”

तो दोन्ही पाय जमिनीवर टेकून बसला.

“मघाशी त्यांच्यासारखा बसलो होतो,” तो म्हणाला. “आता माझ्यासारखा बसतो.”

पाणी पिऊन तो गेला. नाव विचारायचं राहिलं.

खुर्ची खिडकीपाशीच आहे. घरी आलेला माणूस तिच्यावर बसतो.