तळाला भोक असलेले जोडे

माझा क्लोविसमामा सहा वर्षांचा आहे. मी पन्नाशी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तो सहाचाच. त्याची थोरली बहीण अगाथ, म्हणजे माझी मावशी, आमच्या नदीकाठच्या गावात जोडे शिवते. मूस हरणाचं कातडं धुरावर धरून मऊ करावं ते तिनंच. तोंडानं मात्र फटकळ. माझे टाके बघून म्हणते, "हे शिवलंस की कुत्र्यानं चावलंय?"

गावात मूल जन्मलं की पहिला जोड तिच्याकडचा. त्याच्या तळाला ती सुरीनं एक भोक पाडते. तान्ह्या बाळाला वाडवडील पलीकडून हाका मारतात. मग बाळानं म्हणायचं, जोडे फाटलेत, एवढा लांबचा रस्ता मला जमायचा नाही. आणि माणूस खरंच गेलं की त्याच्या पायात नवे, धडके जोडे घालायचे.

भोक फक्त तान्ह्यांसाठी. पण आमच्या आजीनं चूक केली. सत्तर वर्षांपूर्वी मिशनच्या शाळेचं विमान आम्हा आदिवासींची पोरं सक्तीनं न्यायला नदीवर उतरलं, तेव्हा तिनं सहा वर्षांच्या क्लोविसच्या नव्या जोड्यांना भोकं पाडली. नाही म्हणायची सोय नव्हती, नाही म्हटलं तर तुरुंग. बिचारीला वाटलं, भोक असलं की पोरगं लांब जाणार नाही. विमानाला जोड्यांशी काय देणंघेणं!

मावशी तेव्हा आठ वर्षांची, त्याच विमानात. शाळेत मुली एकीकडे, मुलगे दुसरीकडे. भावाशी बोललं तरी पट्टा बसायचा. पहिलं बर्फ पडायच्या सुमारास क्लोविस खोकून खोकून गेला. तिला कुणी सांगितलंसुद्धा नाही. नाताळच्या जेवणाला त्याची जागा रिकामी दिसली, तेव्हा कळलं. कुठे पुरलं, ते विचारल्यावरही नाही. "घरचं गाठोडं दिलंय त्याच्याबरोबर," एवढंच एक सिस्टर म्हणाली.

म्हणजे ते जोडेही. तेव्हापासून मावशीच्या जिवाला एकच घोर लागला. क्लोविस निघालाच नसेल. पणजोबा हाका मारत असतील आणि हा तिथंच बसून सांगत असेल, जोडे फाटलेत. दर हिवाळ्यात ती एक छोटा धडका जोड शिवायची आणि धुरातून त्याला मिळावा म्हणून शेगडीत जाळायची.

"पोचतो का गं?" मी एकदा विचारलं.

"पत्ता कुणाला ठाऊक आहे?" ती म्हणाली.

मग सरकारनं त्या शाळांची खरी हकीकत ऐकायला माणसं पाठवली. गावाच्या हॉलमध्ये सुनावणी. "यांना ऐकू यायला सत्तर वर्षं लागली," म्हणून मावशी धुसफुसली, पण गेली आणि जोड्यांसकट सगळं बोलली. तिचं झाल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. खालच्या गावाहून होडीनं आलेला, लाझार नावाचा.

"त्याचं नाव क्लोविस होतं होय?" तो म्हणाला. "मला नावही माहीत नव्हतं गं. खड्डा मी खणला. बारा वर्षांचा होतो. मोठ्या मुलांनाच लावायचे त्या कामाला."

मावशी उठून त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"गाठोडं सोडलं, तर जोड्यांना भोकं. म्हटलं, आईनं राखायला केलंय, पण आता एवढ्या लांब हा जाणार कसा? माझे बूट काढले आणि घातले त्याच्या पायात. फार मोठे होत होते. मग पुढे शेवाळ कोंबलं."

"आणि तुम्ही?" मावशीनं विचारलं.

"अनवाणी आलो. बूट हरवले म्हणून मार खाल्ला. नवे मिळायला तीन आठवडे लागले, तोवर डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं गेली. आठ आहेत की अजून."

मावशी त्याचे हात धरून रडली, हसली, परत रडली. "पोचला गं," मला म्हणाली. "बूट घालून पोचला, साहेबासारखा!"

त्या शाळेवरचा माझा राग जायचा नाही. मावशी मात्र त्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या रीतीप्रमाणे नदीला चिमूटभर तंबाखू वाहते आणि लाझारचं नाव घेऊन आभार मानते. त्या हिवाळ्यात तिनं छोटा जोड शिवला नाही. मोठा शिवला, घोट्यापर्यंत मणी भरून, आणि नदी गोठल्यावर मला स्नोमोबाईल चालवायला लावून त्याच्या घरी घेऊन गेली.

लाझारनं जोडे उलटे करून तळ पाहिले.

"काम झकास आहे. पण हे काय, तळ धडके?"

"मग कसे हवेत, दादा?"

"भोक पाड. हल्ली मलाही हाका येतात. मला जायची घाई नाही."

"कुठल्या पायाला?"

"दोन्हींना पाड, बाई. उगाच धोका कशाला?"

मावशीनं सुरी काढली आणि दोन्ही तळांना भोकं पाडली. मग खाली बसून तिनं स्वतःच्या हातांनी जोडे त्याच्या पायात चढवले. डावा जरा सैल झाला. तिनं तो परत काढला आणि गेलेल्या दोन बोटांच्या जागी शेवाळ भरलं.