ओळंब्याने सुधारलेला तक्ता

पाट्या रंगवणाऱ्या त्या पेंटरला सगळी गल्ली, गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहतो त्या दोरी-वजनावरून, ओळंबा म्हणायची. वाकडं काही दिसलं की त्याला राहवायचं नाही. लोकांच्या घरात शिरून तो भिंतीवरचे फोटो सरळ करायचा आणि वर चहाही मागायचा.

हात थरथरू लागला तशी कामं आटली. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लेकीने मग मुख्याध्यापिकाबाईंकडे शब्द टाकला: प्रयोगशाळेच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता बाबाच रंगवतील. बाईंना छापील प्लास्टिकचा तक्ता हवा होता. "एक जरी चूक निघाली तर वरून प्लास्टिक लावीन," त्यांनी बजावलं. ही भिंत गेली तर पुन्हा ब्रश धरायला कोणी बोलावणार नाही, हे ओळंब्याला पक्कं ठाऊक होतं.

लेकीच्या पुस्तकातल्या छापील तक्त्यावरून उतरवायचे एकशे अठरा चौकोन. वर क्रमांक, मध्ये अक्षरं, खाली वजन. क्रमांक चढता, वजनही चढतं, ओळंबा खूश. अठराव्या चौकोनाशी मात्र तो अडला. आरगॉन ३९.९५ आणि पुढचं पोटॅशियम ३९.१०? "छापणारा झोपला होता," असं म्हणत त्याने दोन्ही वजनांची अदलाबदल केली. पुढे आणखी काही जोड्या अशाच ताळ्यावर आणल्या.

शेवटच्या दिवशी लेकीने तक्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, वरचा आकडा म्हणजे अणूतले प्रोटॉन. एकोणीस म्हणजे पोटॅशियमच, मग वजन काही का असेना. वजनात न्यूट्रॉनही येतात, आणि आरगॉनमध्ये ते बहुतेक वेळा जास्त."

"म्हणजे नंबर लहान, पण अंगाने जाड?"

"धाकट्या काकांसारखा. तुमची जुनी शिडी कोणी मोडली?"

"त्यानेच. पण म्हणून तो थोरला होत नाही," ओळंबा म्हणाला, आणि त्याचा चेहराच पडला. त्याला कळलं होतं.

तेवढ्यात दारातून बाई आल्या, काखेत प्लास्टिकची गुंडाळी. "म्हणजे चुका आहेत तर!"

"आहेत," लेक म्हणाली. "अकरा वर्षं शिकवतेय मी, बाई. खालचे आकडे एका पोरानेही वाचले नाहीत. ह्यांनी एकशे अठरा वाचले."

"कुठे आहेत चुका?"

"तुम्हीच दाखवा ना," ओळंबा म्हणाला. अपमान होणारच होता, तर निदान मजा तरी घ्यावी.

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, दोनदा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. शेवटी खाकरल्या.

"उद्यापर्यंत नीट करा," म्हणाल्या, आणि गुंडाळी टेबलावर टाकून निघून गेल्या.

ओळंब्याने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. मग गुंडाळी सोडून शिडीखाली अंथरली, फरशीवर ठिपके पडू नयेत म्हणून.