मॉरीनच्या आजीचं गाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि ती तर म्हणे माझ्या चेहऱ्यावरून सगळं ओळखते. मग तुम्हाला का सांगतोय? थकलो, म्हणून. दुसरं कारण शोधत बसायची ताकद नाही.

इंग्लंडात मेडनहेडला आमच्या शेजारी मॉरीन राहायची. एकटी, ऐंशीच्या पुढची. आमच्या दोन्ही मुली शाळेतून आधी तिच्या घरी जायच्या, मग आमच्या. तिची आजी ब्रिजिट तरुणपणी आयर्लंड सोडून कामासाठी इंग्लंडला आली — मेयो कौंटीतून, एवढंच मॉरीनला ठाऊक. गाव कुठलं? मरण्याआधी ते तिला एकदा बघायचं होतं.

शोधून देतो, मी छाती काढून म्हणालो. आमच्या घरी छापील कुलवृत्तांत आहे ना, बारा पिढ्यांचा! त्यात बायकांची माहेरं एका ओळीत उरकलेली. एखाद्या बाईचा बाप शोधायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन बसायचो. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, वाकडी पुसट अक्षरं. आजीच्या माहेरच्या आडनावाच्या ब्रिजिट किती असाव्यात? गाळून गाळून दोन उरल्या, शेजारशेजारच्या गावांतल्या. एकीचा बाप जेम्स, दुसरीचा मायकेल. इथल्या लग्नाच्या दाखल्यात वधूच्या बापाचं नाव असतं, म्हणून आजीचा दाखला मागवला होता. तो यायच्या आधी मॉरीनचा वाढदिवस आला. केक कापून झाला, सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि — मला राहवलं नाही. गाव सापडलं, तुझी आजी तिथल्या जेम्सची मुलगी, म्हणालो. मॉरीन रडलीच.

"शी इज सो हॅपी, बघ ना," बायको हळूच म्हणाली, "तुझ्यामुळे रे."

दाखला पुढच्या आठवड्यात आला. बापाचं नाव मायकेल.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग — इथपर्यंत चूक म्हणा. पुढचं चूक नव्हे. दाखला मी फाडला. मॉरीनला सांगितलं, रेकॉर्ड मिळत नाही म्हणतात. तिला कुठे फिकीर होती? आयर्लंडच्या बोटीचं तिकीट काढून झालं होतं. तिकडे जाऊन जेम्सच्या घराण्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ती भाऊ मानून आली, दर ख्रिसमसला त्याला कार्ड पाठवू लागली. खरं सांगायला मी किती वेळा तिचं दार वाजवलं — आणि चहा पिऊन परत आलो. तिला धक्का बसेल, असं मनाला समजावायचो. खोटं. माझी हुशारी उघडी पडेल, ही भीती होती.

मॉरीन गेली. रक्षा आजीच्या माणसांत पुरावी, असं तिनं लिहून ठेवलं होतं. तिच्या मुलानं मला सोबत नेलं. जेम्सच्या थडग्यापाशी छोटा खड्डा खणलेला होता. "यू फाउंड देम," मुलगा म्हणाला, नावं तूच वाच. मी वाचली. दगडावरची सगळी, मोठ्यानं, एकेक करून — जिच्याशी त्यांचं काही नातं नाही, तिच्यासाठी. खरं सांगायची ती शेवटची संधी होती. माती लोटून होईपर्यंत मी गप्प उभा राहिलो.

परतीचा रस्ता मायकेलच्या गावातूनच जात होता. चर्च दिसलं, त्यामागची थडगी दिसली. मुलगा मागच्या सीटवर झोपला होता. गाडी मी चालवत होतो. थांबवली नाही.