माझ्या वेबसाइटचा नंबर कोणी वर नेला?

मंडळी, आज सकाळपासून डोकं फिरलंय.

माझी रेसिपीची वेबसाइट रँकिंगमध्ये वर्षभर वर चढत होती. लोक वाचतायत, या भरवशावर मी गेल्या महिन्यात चालून आलेली नोकरी नाकारली. आज बघते तर नंबर धाडकन खाली!

नवऱ्याला सांगितलं, तर चहाच्या कपात बघत म्हणाला, "अगं, आमच्या ऑफिसने सगळ्यांना नवे लॅपटॉप दिलेत."

"त्याचा काय संबंध?"

मग कळलं. हे रँकिंगवाले सगळे वाचक मोजतच नाहीत. ज्यांच्या ब्राउझरमध्ये त्यांचा टूलबार, म्हणजे कुठली साइट उघडली ते त्यांना कळवणारी पट्टी असते, तेवढ्यांवरून अंदाज बांधतात. आणि नवऱ्याने इथल्या रिंगास्किडी गावातल्या त्याच्या ऑफिसमधल्या मराठी पोरांना तो टूलबार टाकायला लावला होता. बिचारे रोज लंचला माझी साइट उघडायचे. नव्या लॅपटॉपवर तो टूलबारच नाही!

"आयर्लंडला आल्यापासून पहिल्यांदा तू खूश दिसत होतीस," तो म्हणाला. आता यावर भांडू तरी कशी?

फोनवर वाचणारे त्या नंबरात येतच नाहीत म्हणे. म्हणजे तुम्ही असालही. माझी एखादी रेसिपी खरंच करून बघितली असेल, तर खाली सांगाल?

फक्त नवऱ्याच्या ऑफिसवाल्यांनी आज प्लीज गप्प बसायचं.